गच्ची मालकाची, ऊन सगळ्यांचं, बिल मात्र भाडेकरूचं

पोस्ट लांब आहे. पण कराड-मलकापूरमध्ये जो कुणी भाड्यानं राहतो किंवा खोल्या भाड्यानं देतो, त्यानं शेवटपर्यंत वाचावी. बातमी म्हणून हा विषय कुठल्या पेपरात पहिल्या पानावर येईल असं मला वाटत नाही. सोलरवाल्यांच्या अर्ध्या पान जाहिराती सगळ्यांनाच हव्या आहेत. म्हणून इथं लिहितोय.

संध्याकाळी जरा विद्यानगर, सैदापूर, आगाशिवनगर या भागातून चक्कर मारा आणि मान वर करून बघा. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर सिंटेक्सची टाकी आणि वाळत घातलेले कपडे दिसायचे. आता निळीकाळी पॅनल दिसतात. चांगली गोष्ट आहे. सौरऊर्जेच्या विरोधात माझं एक अक्षर नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला विकासविरोधी ठरवायला नको.

आता त्याच इमारतीच्या जिन्याखाली बघा. छोटे छोटे सबमीटर लावलेले असतात, खोली नंबर एक, दोन, तीन, चार. शेजारी वही टांगलेली. महिन्याच्या एक तारखेला मालक किंवा त्यांचा मुलगा आकडे लिहून घेतो आणि गुणिले बारा करतो. बारा रुपये युनिट. पॅनल बसायच्या आधीही बारा होते, बसल्यावरही बाराच.

माझा प्रश्न एवढाच आहे. मालकाचं बिल पाच हजारांवरून चारशेवर आलं, मग भाडेकरूचा दर बाराचा साडेअकरा तरी का झाला नाही?

गेल्या महिन्याभरात मी याबद्दल पंधरा-वीस लोकांशी बोललो. हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या नर्स ताई, इंजिनिअरिंगची पोरं, बाहेरून बदलून आलेले एक शिक्षक, आणि चार घरमालकसुद्धा. भाडेकरूंपैकी बहुतेकांना आपल्या डोक्यावरच्या पॅनलचा आपल्या बिलाशी काही संबंध असू शकतो हेच सुचलं नव्हतं. "ते मालकांचं आहे," एवढंच उत्तर. एका ताईंनी मात्र विचारलं होतं. त्यांना उत्तर मिळालं, "परवडत नसेल तर दुसरीकडं बघा."

आता हवेत बोलत नाही, गणित मांडतो. कागद-पेन घ्या.

महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतात, हे सगळ्यांना माहीत आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटला ऊर्जा आकार ४ रुपये ७१ पैसे होता. १०१ ते ३०० युनिटला १० रुपये २९ पैसे. ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे. यावर प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, महिन्याचा स्थिर आकार आणि १६ टक्के वीज शुल्क. दर नंतर बदलले, पुढंही बदलतील. तुमच्या बिलावरचे ताजे आकडे घालून तुम्ही हेच गणित पुन्हा करा.

एक साधी इमारत धरू. खाली मालकांचं कुटुंब, वर चार खोल्यांत चार भाडेकरू. मालकांचा वापर महिन्याला १२० युनिट, प्रत्येक भाडेकरूचा ७० युनिट. एकूण ४०० युनिट. महावितरणचं मीटर एकच, मालकांच्या नावावर.

७० युनिट वापरणाऱ्या भाडेकरूला स्वतःचं मीटर असतं, तर तो पहिल्याच टप्प्यात राहिला असता. सगळे आकार धरून त्याचं बिल साधारण सव्वासहाशे रुपये आलं असतं. म्हणजे युनिटला नऊ रुपयांच्या आसपास. पण चौघांचे युनिट मालकांच्या मीटरवर एकावर एक चढतात, त्यामुळे बिल तिसऱ्या टप्प्यापर्यंत जातं. ४०० युनिटचं बिल येतं साधारण ५,३०० रुपये. सरासरी युनिटला सव्वातेरा रुपये.

इथं मालकांच्या बाजूनंही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोलर नसताना बारा रुपये दर लावणारा मालक लुटत नव्हता. त्याला स्वतःलाच सव्वातेरानं पडत होतं. भांडण व्हायला हवं होतं ते एकाच मीटरवर पाच संसार लटकवण्याच्या पद्धतीवरून. ती पद्धत भाडेकरूलाही महाग आणि मालकालाही.

पण आता पॅनल बसलं. ३ किलोवॅटचा संच. एक किलोवॅटमागं दिवसाला साधारण चार युनिट धरतात, म्हणजे महिन्याला ३६०. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त, पण नेट मीटरमध्ये जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, म्हणून वर्षाची सरासरी धरू. ४०० वजा ३६०, राहिले ४० युनिट. मालकांचं बिल आलं साधारण ४२० रुपये.

आणि भाडेकरूंकडून वसुली किती? चार खोल्या, प्रत्येकी ७० युनिट, बारा रुपये दर. ३,३६० रुपये.

म्हणजे मालक महावितरणला ४२० भरतात आणि भाडेकरूंकडून ३,३६० घेतात. स्वतःच्या घरातले १२० युनिट फुकट, वर महिन्याला जवळपास तीन हजार रुपये खिशात. आणि भाडेकरू? स्वतःच्या मीटरवर सव्वासहाशे भरले असते, तो ८४० भरतोय. डोक्यावर सोलर असूनही तो सोलर नसलेल्या माणसापेक्षा साधारण २१५ रुपये जास्त देतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

आता कुणीतरी म्हणणार, "अहो पत्रकार, पैसे मालकानं घातलेत. रिस्क त्याची. गच्ची त्याची."

बरोबर आहे. पण किती पैसे घातले ते बघू. ३ किलोवॅटचा संच साधारण पावणेदोन ते दोन लाखांत बसतो. १ लाख ९० हजार धरा. पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, असं ७८ हजारांचं अनुदान केंद्र सरकार देतं. मालकांच्या खिशातून गेले १ लाख १२ हजार. भाडेकरूंकडून वर्षाला येतात ४० हजारांवर. म्हणजे नुसत्या भाडेकरूंच्या बारा रुपयांनी तीन वर्षांच्या आत मालकांचा पैसा वसूल. स्वतःचं वाचलेलं बिल धरलं तर दोन वर्षंही लागत नाहीत. पॅनल टिकतं पंचवीस वर्षं.

आणि ते ७८ हजार कुणाचे? केंद्रानं २०२४ मध्ये ७५ हजार कोटींची ही योजना आणली, एक कोटी घरांसाठी. हा पैसा सरकारी तिजोरीतून येतो, आणि त्या तिजोरीत चार नंबरच्या खोलीतल्या नर्स ताईच्या साबणावरचा, मोबाईल रिचार्जवरचा जीएसटीसुद्धा आहे. जाहिरातीत लिहिलंय, महिन्याला ३०० युनिटपर्यंत मोफत वीज. मोफत कुणाला? ज्याच्याकडं गच्ची आहे त्याला. ज्याला घरच नाही, त्याच्या करातून घरवाल्याचं बिल शून्य करायचं आणि त्याच बिनघरवाल्याला बारा रुपयांनी वीज विकायची, याला योजना म्हणायचं असेल तर म्हणा. मला दुसरा शब्द सुचतो, पण तो इथं लिहीत नाही.

योजनेत भाडेकरूला बंदी नाही, हेही सांगतो. वीज जोडणी त्याच्या नावावर असेल, तो नियमित बिल भरत असेल आणि गच्ची वापरायला मालकाची परवानगी असेल, तर भाडेकरूही सोलर बसवू शकतो. घर सोडताना संच उतरवून नेताही येतो. वाचायला छान वाटतं. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस दोन लाखांचा संच बसवणार? आणि ज्याला गच्चीवर पापड वाळत घालायची मुभा नाही, त्याला पॅनलची परवानगी कोण देणार? नियम कागदावर सगळ्यांना सारखा आहे, आणि उपयोग फक्त एकाला.

मग करायचं काय? मालकांना शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही. मी ज्या चार घरमालकांशी बोललो, त्यातल्या एका काकांनी पॅनल बसल्यावर आपणहून दर बारावरून आठ केलाय. कुणी सांगितलं नव्हतं. म्हणाले, "पोरं जाईनात का सुखानं. खोली रिकामी राहिली तर माझं महिन्याचं भाडं बुडतं." व्यवहारी माणूस आहे. पण काकांच्या चांगुलपणावर गावाची व्यवस्था चालत नसते. चांगल्या मालकाचा भाडेकरू नशीबवान आणि बाकीचे कमनशिबी, असं वीजदराचं होता कामा नये.

जर्मनीत हाच पेच पडला होता. तिथं शहरांत निम्म्याहून जास्त लोक भाड्यानं राहतात. २०१७ मध्ये त्यांनी कायदा केला. छतावरची सोलर वीज मालक भाडेकरूला विकू शकतो, पण दर त्या भागातल्या मूळ वीजदराच्या ९० टक्क्यांहून जास्त लावायचा नाही. भाडेकरूवर ती वीज घेण्याची सक्तीही नाही. बस्स, एवढंच. मालकालाही मिळतं, भाडेकरूलाही.

हा ९० टक्क्यांचा हिशोब आपल्या इमारतीला लावून बघा. भाडेकरूला स्वतःच्या मीटरवर सव्वासहाशे आले असते. त्याचे ९० टक्के म्हणजे साधारण ५६० रुपये, युनिटला आठ. काकांनी अंदाजानं लावलेला दर नेमका तिथंच येतो. मालकांची वसुली होते २,२५०, महावितरणला भरायचे ४२०. तरी महिन्याला अठराशे रुपये हातात आणि घरची वीज फुकट. पैसे फिटायला दोन वर्षांऐवजी अडीच वर्षं लागतील. सहा महिने! पंचवीस वर्षांच्या संचात सहा महिने थांबायची तयारी ठेवली, तर प्रत्येक भाडेकरूचे वर्षाला तीन हजार तीनशे रुपये वाचतात. कॉलेजच्या पोराची ती दीड-दोन महिन्यांची मेस आहे.

दुसरा मार्ग जास्त पक्का आहे. प्रत्येक खोलीला महावितरणचं स्वतंत्र मीटर आणि गच्चीवरच्या एका संचातले युनिट ठरलेल्या वाट्यानं सगळ्यांच्या बिलात जमा. याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगानं २०१९ मध्येच याची नियमावली केली. म्हणजे ही आकाशातली गोष्ट नाही. भाड्याच्या चार खोल्यांच्या इमारतीला ही सोय महावितरणच्या काउंटरवर एका अर्जात मिळाली पाहिजे, एजंट न धरता. आमदार-खासदारांनी सोलरच्या उद्घाटनाला फीत कापताना हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ झालं.

स्वतंत्र मीटर म्हटलं की मालकांच्या पोटात गोळा येतो, तेही मला माहीत आहे. "मीटर नावावर गेलं की भाडेकरू घर बळकावतो." ही भीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय. पण वीजबिल म्हणजे सातबारा नव्हे आणि प्रॉपर्टी कार्डही नव्हे. बिलावर नाव आलं म्हणून कुणी घराचा मालक होत नाही. तुमच्या घराचं रक्षण नोंदणी केलेला करार करतो, आणि तोच करायला अनेक जण टाळाटाळ करतात. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. भाड्याचा असो की लिव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत मालक उलट सिद्ध करत नाही. तेव्हा काका, हजार-दोन हजार वाचवण्यासाठी साध्या बाँडवर काम भागवता ना, त्यात धोका तुम्हालाच जास्त आहे.

भाडेकरूंनीही दोन गोष्टी डोक्यात ठेवा. वीज कायदा २००३ चं कलम ४३ सांगतं की जागेचा मालक किंवा ताबा असलेली व्यक्ती, दोघांपैकी कुणीही अर्ज केला तर वीज कंपनीनं जोडणी द्यायची आहे. आणि भाडेनियंत्रण कायद्याचं कलम २९ सांगतं की मालकानं पुरेशा कारणाशिवाय भाडेकरूचं वीज-पाणी तोडायचं नाही. "जास्त बोललास तर वायर काढीन" ही धमकी मी अनेकांकडून ऐकली. धमकी देणाऱ्यांना हे कलम दाखवा. आवाज न चढवता दाखवा.

काही मालक म्हणतात, दर कमी केला की पोरं गिझर, कूलर, इंडक्शन रात्रंदिवस चालवतील. म्हणून तर फुकट द्या असं मी म्हणतच नाही. सबमीटर राहू द्या. जेवढं वापरेल तेवढं भरेल. फक्त दर तुम्हाला पडतो त्याच्याशी नातं सांगणारा असू द्या. आणि दर कसा ठरला ते लपवू नका. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

आपल्या गावाला हे जमणार नाही असं कुणी म्हणू नये. शेजारच्या मलकापूरनं चोवीस तास पाणी मीटरवर देऊन दाखवलं. जेवढं वापराल तेवढं भरा, जास्त वापराल तर जास्त दरानं भरा. बाहेरून लोक ती योजना बघायला यायचे. नळाला मीटर लावताना आधी बोंब झाली, नंतर लोकांना कळलं की मोजमाप उघड असलं की भांडण कमी होतं. पाण्याचं जमलं, विजेचं का नाही?

माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, भाडेकरारात वीजदराचं कलम हवं: दर किती, कसा ठरला, सोलर बसलं तर किती कमी होणार. दोन, मालकांनी महावितरणचं बिल दर महिन्याला जिन्यात लावावं किंवा भाडेकरूंच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावं. तीन, ज्या इमारतीत भाडेकरू आहेत तिथं सरकारी अनुदान देताना वर सांगितलेली ९० टक्क्यांची अट घालावी. सरकारचे ७८ हजार नको असतील तर खुशाल स्वतःच्या पैशानं बसवा आणि मग बोला गच्ची माझी म्हणून. चार, एका गच्चीवरची वीज अनेक मीटरवर वाटायची सोय छोट्या इमारतींना सहज मिळावी.

यातली चौथी मुंबईत-दिल्लीत ठरेल. तिसरीसाठी निवेदनं द्यावी लागतील, मी मसुदा करतोय. पण पहिल्या दोन गोष्टींना ना मंत्री लागतो ना आयोग. या रविवारी जिन्यात उभं राहून मालक आणि भाडेकरू दहा मिनिटांत ठरवू शकतात.

भाडेकरूंनो, तुमचा युनिटचा दर आणि गच्चीवर पॅनल आहे की नाही, एवढं कमेंटमध्ये लिहा. नाव-पत्ता टाकू नका, मालकाचं तर अजिबात नको, आपल्याला कुणाची बदनामी करायची नाही. उघड लिहायची भीती वाटत असेल तर इनबॉक्स आहे. मालकांनीही लिहा, माझं गणित कुठं पटत नसेल तर आकडे मांडून सांगा, त्यावर जरूर बोलू. आणि आठ रुपये लावणाऱ्या त्या काकांसारखे आणखी कुणी असतील, तर त्यांनी आधी लिहा.

पटलं तर शेअर करा. विशेषतः त्या ग्रुपवर, ज्यात तुमचे मालक आहेत.